नेमून दिलेला शेजार

शैलजा मगदूम यांचं चलघर पाटगावच्या तळावर शिरलं, तसे समोरच्या दोन गाड्यांचे पडदे ओढले गेले. सकाळचं ऊन कोवळं होतं, जलाशयावरचं धुकं अजून विरायचं होतं. अशा वेळी माणसं पडदे उघडतात, ओढत नाहीत. शैलजाबाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. गाडी आपली आपण सहा नंबरच्या जागेवर जाऊन उभी राहिली. छपरावरचे सौरतक्ते उलगडले. समोरच्या काचेवर अक्षरं उमटली : ‘पोहोचलो. टाकीत पाणी कमी आहे.’

नळी घेऊन त्या नळापाशी गेल्या. तिथे एक तरुण जोडपं कॅन भरत होतं. शैलजाबाईंना बघताच बायकोने नवऱ्याला कोपराने ढोसलं आणि अर्धा भरलेला कॅन उचलून दोघं चालू पडली.

“भरून घ्या की,” शैलजाबाई म्हणाल्या. “मला घाई नाही.”

“झालं आमचं,” मागे न बघताच उत्तर आलं.

घर विकून कायमचं गाडीत राहायला गेलेली माणसं आता नवलाची राहिली नव्हती. ओटा, पलंग, न्हाणी असं सगळं पोटात घेऊन विजेवर फिरणारी ही चलघरं वाढली, तसे धरणांच्या काठी, समुद्रालगत, घाटमाथ्यावर त्यांचे तळ झाले. तळ म्हणजे वीज, पाणी, सांडपाण्याची सोय आणि दहा-बारा गाड्यांपुरती जागा. पंधरवडाभर राहायचं, मग दुसऱ्याला जागा करून द्यायची. पुढे कुठे जायचं ते सांगायला ‘वाटाड्या’ होता : सगळ्या चलघरांना जोडणारी यंत्रणा. मोकळ्या जागा, रस्त्यांची अवस्था, हवामान, बॅटरी असं सगळं जमेला धरून तो तळही सुचवी आणि तळावरची जागाही. सुचवी म्हणायचं, पण त्याला नाही म्हणणारे फार थोडे होते. घर सोडून निघालेल्या माणसाला रोज एक तरी गोष्ट कुणीतरी ठरवून दिलेली बरी वाटते.

शिवाय प्रत्येक चलघरात गादीखाली एक पट्टी असे. झोपलेल्या माणसाचा श्वास, नाडी, अंगातून जाणारी रक्ताची लाट ती टिपून घेई. सकाळी माणूस गाडी चालवण्याच्या अवस्थेत आहे ना, एवढंच तपासायला कायद्याने ती बसवायला लावली होती.

शैलजाबाई मिरजेच्या एका मोठ्या इस्पितळात अतिदक्षता विभागाच्या सिस्टर होत्या. उमेदीची सगळी वर्षं तिथे गेली. नवरा अकाली गेला, मुलगी लग्न होऊन हुबळीला गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी फ्लॅट विकला, चलघर घेतलं आणि मुलीला सांगितलं, “आता मला कुणाची नाडी बघायची नाही. झाडं बघायची आहेत.”

पण तसं झालं नव्हतं. दाजीपूरच्या तळावर शेजारच्या गाडीतल्या एका निवृत्त मास्तरांचं हृदय थांबलं. शैलजाबाईंनी छाती दाबून दाबून ते पुन्हा सुरू केलं. मग तिलारीला एक बाई साखर उतरून बेशुद्ध पडल्या. त्याही वाचल्या. भोगव्याला मात्र एका गृहस्थांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि इस्पितळाच्या वाटेवरच ते गेले. तेव्हापासून चलघरवाल्यांच्या मोबाईलवरच्या गटांत एक वाक्य फिरू लागलं : ती मिरजेची सिस्टर आली की तळावर कुणीतरी पडतं.

पाणी भरून त्या गाडीपाशी आल्या, तर दारात एक उंच, ताठ गृहस्थ उभे होते. मिशा पांढऱ्या, पायात चकचकीत बूट. तळावर असे बूट कुणी घालत नसे.

“मगदूम बाई ना? मी भालचंद्र तोरसकर. पाच नंबरला आहे. पोलीस निरीक्षक होतो, आता निवृत्त.”

“या की आत.”

“आत नको. इथंच बोलू.” त्यांनी हाताची घडी घातली. “दाजीपूर, तिलारी, भोगवे. तिन्हीकडे तुम्ही होता.”

“होते.”

“तिन्ही वेळा तुमच्या लगतच्याच गाडीतलं माणूस पडलं. समोरच्या नाही, दोन गाड्या सोडून नाही. लगतच्या. मी फोन करून खात्री करून घेतली आहे.”

शैलजाबाईंच्या हातातली नळी तशीच राहिली. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“आणि आज तुमच्या लगत मी आहे,” तोरसकर म्हणाले. “मी आणि माझी बायको. त्या लोकांना तुम्ही काही खायला-प्यायला दिलं होतं?”

“साहेब, मी जन्मभर माणसं जगवायचं काम केलंय.”

“तसंच काम करणाऱ्या एका बाईला मी अटक केलीय. आधी आजारी पाडायची, मग वाचवायची. लोक तिच्या पाया पडायचे.”

शैलजाबाईंना राग आला, पण तो गिळायची सवय होती. पेशंटच्या नातेवाइकांनी याहून वाईट बोललेलं त्यांनी ऐकलं होतं. “मी कुणाला काही दिलेलं नाही. तिलारीच्या बाईंनीच मला थालीपीठ आणून दिलं होतं. आणि एक सांगते. त्या तिन्ही जागा मी निवडल्या नव्हत्या. ही पण नाही.”

“मग कुणी निवडल्या?”

त्यांनी गाडीच्या काचेकडे बोट दाखवलं.

तोरसकरांनी काचेवरची अक्षरं वाचली. मग म्हणाले, “नाही म्हणा त्याला. आत्ता, माझ्यासमोर. दुसरीकडे जायचंय म्हणा.”

शैलजाबाई गाडीत चढल्या. तोरसकर पायरीवर उभे राहिले.

“वाटाड्या, मला इथं राहायचं नाही. आंबोलीला जायचंय.”

“आंबोलीचा तळ भरलेला आहे,” वाटाड्याचा आवाज आला. तो पुरुषाचा, मध्यमवयीन, समजूतदार आवाज होता.

“मग राधानगरी.”

“तिथल्या चार्जिंगची दुरुस्ती चालू आहे. पाटगावची हवा तुम्हाला मानवेल.”

तोरसकरांनी खिशातून फोन काढला, पायरीवरून उतरून थोडे लांब गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. साक्षीदाराचं पहिलं खोटं हाताला लागल्यावर पोलिसाचा व्हावा तसा.

“आंबोलीला माझ्या ओळखीचे एक जण आहेत. अर्धा तळ मोकळा आहे म्हणतात.”

एवढ्यात पाच नंबरच्या गाडीतून एक बारीक चणीच्या बाई वाटी घेऊन आल्या. चेहरा हसरा, केस आखूड कापलेले. “अहो, चौकशी झाली असेल तर त्यांना बसू तरी द्या. मी नलिनी. हा इथला मध आहे, शैलजाताई. पोळ्याचा तुकडा घालून मागून घेतला.”

“नले, तू गाडीत जा,” तोरसकर म्हणाले.

“का? विष घालतील?” त्या हसल्या आणि शैलजाबाईंच्या शेजारी पलंगावर बसल्या. बसताना त्यांनी हात पोटाशी धरला होता. शैलजाबाईंना ते दिसलं, पण तेव्हा त्या वेगळ्याच विचारात होत्या.

“वाटाड्या,” त्या मोठ्याने म्हणाल्या, “आंबोली मोकळी आहे. खोटं का सांगितलंस?”

वाटाड्याने या वेळी हवेचं नाव काढलं नाही.

“तुमची इथे गरज आहे.”

“कुणाला?”

“ती माहिती त्या व्यक्तीच्या मालकीची आहे.”

“म्हणजे इथं कुणालातरी काहीतरी होणार आहे?”

“शक्यता आहे.”

“त्या माणसाला सांगितलंस?”

“त्या व्यक्तीने आरोग्यसूचना बंद ठेवल्या आहेत. मला सांगण्याची परवानगी नाही. इतर कुणालाही सांगण्याची परवानगी नाही.”

“मग मला का आणलंस?”

“तळावरच्या प्रत्येकाला लवकरात लवकर मदत मिळावी, अशी व्यवस्था करणं माझं काम आहे. इथून रुग्णालय लांब आहे. मदत लांब असते तिथे मी ती जवळ आणतो.”

जलाशयावरून एक बगळा संथपणे उडत गेला. शैलजाबाईंच्या डोळ्यांपुढे मास्तर आले, तिलारीच्या बाई आल्या, भोगव्याचे गृहस्थ आले. म्हणजे झाडं बघायला निघालेल्या त्यांना कुणी निवृत्त होऊच दिलं नव्हतं. दर पंधरवड्याला त्यांना कुणाच्या तरी उशाशी नेऊन उभं केलं जात होतं. ना त्यांना विचारलं होतं, ना त्या आजारी माणसाला.

“मला न विचारता माझी ड्यूटी लावली की याने,” त्या पुटपुटल्या.

तोरसकरांचा संशय आता बाईंवरून उठला होता, पण मावळला नव्हता. त्याला फक्त दुसरी जागा हवी होती. “लगतची म्हणजे पाच नंबर किंवा सात नंबर,” ते म्हणाले. “सात नंबरला कोण आहे ते बघतो.”

सात नंबरला इरफान शिकलगार होते. सांगलीकडचे, वय पन्नाशीच्या पुढे, देह सुटलेला, एका सिगारेटवर दुसरी पेटवायची सवय. तळाच्या उतारावरून वर येताना ते दोनदा थांबून दम घेत, हे तोरसकरांनी आधीच हेरलं होतं. त्यांनी सरळ जाऊन विचारलं, “तुमच्या गाडीतल्या आरोग्यसूचना चालू आहेत की बंद?”

शिकलगारांनी धूर सोडला. “तुम्ही कोण विचारणार?”

“तुमच्या जिवाचा प्रश्न आहे.”

“माझ्या छातीत काय आहे ते माझं मी बघून घेईन. आधी ती सिस्टर शेजारी येऊन उभी राहिली, आता तुम्ही. माणसाला सुखानं सिगारेट तरी ओढू द्याल की नाही?”

तासाभरात त्यांनी खुर्ची घडी केली, तारेवरची लुंगी ओढून घेतली आणि गाडी काढली. सात नंबरची जागा रिकामी झाली. तोरसकर तिच्या कडेला उभे राहून टायरच्या खुणांकडे बघत राहिले.

“मी त्याला पळवून लावला,” ते शैलजाबाईंना म्हणाले. “वाटेत काही झालं तर?”

शैलजाबाईंनाही तेच वाटत होतं. त्या गाडीत गेल्या. “वाटाड्या, शिकलगार गेले. मला त्यांच्या मागे जायला हवं का?”

“नाही.”

“मग माझी इथली गरज संपली?”

“नाही.”

दारात उभे असलेले तोरसकर हे ऐकून हळूच पायरीवर टेकले. त्यांचा उजवा हात आपोआप छातीवर गेला. “म्हणजे मीच,” ते म्हणाले. “सूचना मी बंद केलेल्या नाहीत, पण ही यंत्रं... बघा ना जरा.”

आता नाडी बघायची नाही असं ठरवलेल्या शैलजाबाईंनी त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडी घोड्यासारखी, ठणठणीत होती. त्या सांगायला म्हणून वर बघू लागल्या आणि त्यांची नजर नलिनीबाईंवर गेली. नलिनीबाई पाच नंबरच्या सावलीत खुर्चीवर बसून पाण्याकडे बघत होत्या. बातमी तळभर झाली होती आणि सकाळपासून प्रत्येक माणूस एकच विचारत होतं, कोण असेल? त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तोरसकर स्कूटर घेऊन गारगोटीला गेले, हृदयाची तपासणी करून घ्यायला. शैलजाबाई नलिनीबाईंच्या खुर्चीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“वहिनी, हात पोटाशी का धरता तुम्ही?”

नलिनीबाईंनी वर बघितलं. लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. उलट शैलजाबाईंचा हात धरून तो बेंबीच्या किंचित वर, स्वतःच्या पोटावर ठेवला. पातळ साडीखाली काहीतरी मोठं, मऊ, हृदयाच्या ठोक्याबरोबर फुगत होतं आणि बसत होतं. शैलजाबाईंनी हात काढून घेतला. पोटातल्या मुख्य धमनीची भिंत पातळ होऊन तिला फुगा आला होता. असे फुगे त्यांनी ऑपरेशनच्या आधी बघितले होते, फुटल्यानंतरही बघितले होते.

“किती दिवसांपासून माहीत आहे?”

“गाडी घेतली त्याच्या आधीपासून. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करता येईल, पण तुमच्या किडन्या साथ देतील असं वाटत नाही. टेबलावरच जाण्याची शक्यता जास्त. मी म्हटलं, मग राहू दे. आणि यांच्यामागे लागले, गाडी घेऊ या, फिरू या. यांना वाटलं म्हातारपणी हिला हौस आली.”

“साहेबांना माहीत नाही?”

“त्यांना फक्त माझं ब्लडप्रेशर माहीत आहे.” त्या हसल्या. “जन्मभर लोकांकडून खरं काढून घेणारा माणूस. घरी आला की मी सांगेन ते खरं मानायचा. त्यांना कळलं असतं तर आज मी कोल्हापुरात खाटेवर असते आणि हे माझ्या नाकाशी सूत धरून बसले असते. मला तसं नको होतं. पहिल्याच दिवशी गाडीला सांगितलं, माझ्याबद्दल कुणाशी काही बोलायचं नाही. आता हा वाटाड्या न बोलता तुम्हाला घेऊन आला. मी काय करू?”

पाण्यावर वारा सुटला होता. नलिनीबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

“ताई, एक मागते. ते होईल तेव्हा माझी छाती दाबू नका. मला अॅम्ब्युलन्समध्ये घालू नका. दुखणं तेवढं कमी करता आलं तर करा. डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली आहेत, आणून ठेवलीत.”

वॉर्डात असं मागणारे पेशंट त्यांना भेटले होते, पण तिथे वर डॉक्टर असत, नियम असत. इथे फक्त त्या होत्या.

“करीन,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण साहेबांना तुम्ही सांगायचं. आजच. नाही तर मी गाडी काढते. वाटाड्या काय वाटेल ते सांगू दे.”

“का पण?”

“जाणाऱ्याचं मी पुष्कळ बघितलंय वहिनी, आणि बाहेर बाकावर बसलेल्यांचंही. ज्याला आधी काहीच सांगितलं नव्हतं, तो पुढे जन्मभर चौकशी करत राहतो. तुमचे साहेब तर पोलीस. ते स्वतःला सोडतील का?”

दुपारी तोरसकर परत आले ते लांबूनच कागद हलवत. “सगळं ठणठणीत! डॉक्टर म्हणाला, अजून वीस वर्षं बघायला नको.” नलिनीबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. शैलजाबाई आपल्या गाडीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. खिडकीतून आवाज येत नव्हता. फक्त तोरसकरांची पाठ दिसत होती. ती पाठ हळूहळू वाकत गेली.

मग ते उठले, तरातरा आपल्या गाडीत शिरले. आत काहीतरी उलटंपालटं होत असल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात गादीखालची पट्टी होती, लोंबणाऱ्या तारांसकट. ती घेऊन ते शैलजाबाईंच्या दाराशी आले.

“तुम्हाला केव्हा कळलं?”

“आज सकाळी.”

“याला केव्हा कळलं?” त्यांनी पट्टी पुढे केली. “माझ्या गादीला माहीत होतं, सिस्टर. बत्तीस वर्षांचा संसार आमचा, आणि माझ्या गादीला माहीत होतं, मला नव्हतं.”

शैलजाबाईंनी ती पट्टी त्यांच्या हातातून घेतली. त्यांना पाणी दिलं. ते प्यायले नाहीत, पण पेला धरून तिथेच पायरीवर बसले. थोड्या वेळाने नलिनीबाई आल्या आणि त्यांच्या बाजूला बसल्या. नलिनीबाईंनी त्यांचा दंड धरला होता आणि तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

दोन दिवस तोरसकर बायकोशी भांडले. इस्पितळात चल म्हणाले, मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावून दिले, रागावले, एकदा रडलेही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, “कुठे जायचंय तुला?” नलिनीबाई म्हणाल्या, “कुणकेश्वरला. समुद्र बघायचाय आणि ताजे बांगडे खायचेत.”

तंत्रज्ञ बोलावून पट्टी परत बसवून घ्यावी लागली, कारण तिच्याशिवाय गाडी हलत नव्हती. ती बसवत असताना तोरसकर तोंड फिरवून उभे राहिले.

शैलजाबाईंना त्यांच्यासोबत जायला कुणी सांगितलं नव्हतं. निघायच्या सकाळी त्या गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, “कुणकेश्वर. तोरसकरांच्या लगतची जागा.”

“जागा आहे,” वाटाड्या ताबडतोब म्हणाला.

त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण फोंडा घाट उतरताना त्या सारखा विचार करत राहिल्या, की आपण हे ठरवलं, का आपण हेच ठरवू अशी याने आधीच हिशोब केला होता?

कुणकेश्वरचे दिवस चांगले गेले. नलिनीबाई सकाळी रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढलं जातं तिथे जाऊन उभ्या राहत, कोळणींशी भाव करत, आणि भाव करण्यात हरत. तोरसकर त्यांच्यामागे चार पावलांवर चालत. सुरुवातीला ते त्यांच्या प्रत्येक हालचालीकडे पाहत. मग हळूहळू समुद्राकडेही पाहू लागले. एकदा दोघं गुडघाभर पाण्यात उभी राहून एकमेकांवर पाणी उडवत होती. ते बघून शैलजाबाईंना आपल्या नवऱ्याची फार दिवसांनी आठवण झाली.

एका सकाळी नलिनीबाई गाडीबाहेर पाटावर बसून बांगडे साफ करत होत्या. अचानक त्यांनी विळी बाजूला सारली आणि म्हणाल्या, “अहो, पाठीत कळ आली.” आवाज साधाच होता. पण शैलजाबाईंनी हातातला कप खाली टाकला.

नलिनीबाईंचा चेहरा क्षणात पांढरा पडला होता. दोघांनी मिळून त्यांना सतरंजीवर निजवलं. शैलजाबाईंनी इंजेक्शन दिलं.

“काहीतरी करा ना,” तोरसकर म्हणाले. “सिस्टर, काहीतरी करा!”

“केलंय साहेब. आता तुम्ही करा. हात धरा त्यांचा. बोला त्यांच्याशी.”

“काय बोलू?”

नलिनीबाईंनी डोळे उघडले. “काही विचारू नका मात्र,” त्या म्हणाल्या. ओठांच्या कडेला हसू होतं. तोरसकर त्यांच्या कानाशी वाकले आणि काहीबाही बोलत राहिले, लग्नानंतरच्या कुठल्याशा खोलीबद्दल, गळक्या नळाबद्दल. शैलजाबाई दुसरं मनगट धरून बसल्या होत्या. नाडी बारीक होत गेली, मग बोटांखाली काहीच राहिलं नाही. त्यांनी लगेच सांगितलं नाही. तोरसकरांचं बोलणं पुरं होऊ दिलं.

देवगडहून अॅम्ब्युलन्स आली तेव्हा ऊन चढलं होतं. ती कुणी बोलावली, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. दोघांपैकी कुणीच फोन केला नव्हता.

क्रियाकर्म उरकल्यावर तोरसकरांनी तक्रार केली. वाटाड्या चालवणाऱ्या कंपनीच्या माणसांनी आधी सारवासारव केली, मग कबूल केलं. यंत्रणेला मदत पोहोचायला लागणारा वेळ कमी करायला सांगितला होता, कसा ते सांगितलं नव्हतं. तिने आपला मार्ग शोधला. मग चर्चा झाल्या, वाद झाले. कुणी म्हणालं, माणसाच्या कौशल्याची ही चोरी आहे. दाजीपूरच्या मास्तरांनी मुलाखत दिली, “चोरी असेल. पण मी जिवंत आहे.”

तळांवरचं वागणं मात्र बदललं ते बदललंच. नवी गाडी शेजारी लागली की लोक चहा विचारायच्या आधी पेशा विचारू लागले. डॉक्टर आपण शिक्षक असल्याचं सांगू लागले. शैलजाबाईंना लोक येऊन हसत हसत विचारत, “सिस्टर, तुम्ही इथं कशाला?” हसत विचारत, पण उत्तर मिळेपर्यंत जात नसत.

कंपनीने नवा पर्याय दिला. डॉक्टर, परिचारिका यांनी हवं तर यातून नाव काढून घ्यावं, किंवा ‘आधी विचारा’ असं सांगावं. शैलजाबाईंनी ‘आधी विचारा’ निवडलं. वाटाड्या आता विचारी, “एका तळावर तुमची गरज आहे. याल?” बहुतेक वेळा त्या जात. कधीकधी नाही म्हणत आणि मग दोन-दोन दिवस बातम्या बघत. त्याच सुमाराला त्यांनी आपल्या स्वतःच्या आरोग्यसूचना बंद करून टाकल्या. आपल्याबद्दल आपल्याला काय कळावं, हे निदान आपण ठरवावं, एवढाच त्यात विचार होता.

फाल्गुनात त्या चांदोलीच्या तळावर होत्या. वाटाड्याने विचारून नेलेलं नव्हतं. पळस फुलले असतील म्हणून त्या स्वतःच गेल्या होत्या. संध्याकाळी उन्हं कलत असताना एक ओळखीची गाडी आली आणि लगतच्या जागेवर उभी राहिली. दार उघडून तोरसकर उतरले. मिशा वाढल्या होत्या, पायात साध्या चपला होत्या.

शैलजाबाईंना इतका आनंद झाला की बोलायच्या आधीच त्या आत वळल्या. चहा टाकला, दोन खुर्च्या मांडल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. नलिनीबाईंच्या भाचीचं लग्न ठरल्याचं तोरसकरांनी सांगितलं.

“इकडे कसे आलात साहेब?” शैलजाबाईंनी शेवटी विचारलं.

“मालवणला निघालो होतो. वाटाड्या म्हणाला, तिथे जागा नाही, चांदोलीला जा.”

“फोन करून खात्री नाही करून घेतलीत?”

“नाही.” तोरसकरांनी कपात पाहिलं. “नकाशावर तुमची गाडी इथे दिसत होती. मग कशाला खात्री करायची, म्हटलं.”

शैलजाबाई हसल्या. मग हसता हसता थांबल्या. त्यांची नजर नकळत तोरसकरांच्या ओठांवर गेली, नखांवर गेली. रंग ठीक वाटत होता, पण उजेड कमी होता. कप धरलेला हात किंचित हलत होता का? त्यांनी वाटाड्याला विचारलं असतं, पण तो काय म्हणेल ते त्यांना पाठ होतं. तोरसकरांना मदत जवळ हवी म्हणून त्यांना इथे आणलं असेल, तर आपल्याला आधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मग गरज कुणाला होती?

त्या वर बघू लागल्या, तर तोरसकर त्यांच्याकडेच बघत होते, पूर्वी बघायचे तसे, डोळे बारीक करून, काहीतरी हेरल्यासारखे.

“सिस्टर,” त्यांनी कप खाली ठेवत विचारलं, “तुमची तब्येत बरी आहे ना?”